वेगाची साक्ष : मोटारगाडीतील वेग-संवेदकाची ऐतिहासिक पूर्वपीठिका

मोटारगाडीच्या वेग-संवेदकासंबंधी, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला नुसते ‘स्पीड सेन्सर’ म्हणतात त्या उपकरणासंबंधी, जे लेखन आढळते त्यात त्याच्या इतिहासाची मांडणी बहुधा एकाच प्रकारे केलेली असते. आरंभी केबलने फिरणारा यांत्रिक वेगमापक होता. पुढे इलेक्ट्रॉनिक युग आले आणि केबलच्या जागी संवेदक बसला. जुने गेले व नवे आले, असे या मांडणीचे सार होय. कालक्रमाच्या दृष्टीने ही मांडणी बरोबर आहे. परंतु दोन्ही उपकरणांच्या मुळाशी असलेल्या मापनपद्धतीकडे पाहिले, म्हणजे ती अपुरी वाटू लागते. यांत्रिक वेगमापक हा वेगाच्या प्रमाणात उत्पन्न होणारे बल मोजीत असे. आजचा संवेदक तसे काहीच करीत नाही. तो एका फिरत्या चक्राचे दाते मोजतो. दात्यांची संख्या आणि घड्याळाने दिलेला काळ यांच्या भागाकारातून वेगाचे अनुमान काढले जाते. गणनेची ही रीत यांत्रिक वेगमापकाहून कितीतरी जुनी आहे. तेव्हा संवेदकाच्या रूपाने एका अतिप्राचीन पद्धतीचे पुनरागमन झाले आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

हा प्रश्न केवळ यंत्रेतिहासातील वर्गीकरणाचा असता, तर त्यास फारसे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. परंतु रस्त्यावरील वेगाचे माप हे जवळजवळ आरंभापासून साक्षीशी निगडित झालेले आहे. गाडी किती वेगाने जात होती, या एका प्रश्नाच्या उत्तरावर दंड, शिक्षा, नुकसानभरपाई आणि क्वचित एखाद्या माणसाची अब्रूदेखील अवलंबून असते. पूर्वी हे उत्तर शिपाई देई किंवा चालक देई. आज ते उत्तरोत्तर संवेदकाकडून मागितले जात आहे. हा साक्षीदार नेमके काय पाहतो आणि काय पाहू शकत नाही, याचा निर्णय त्याच्या पूर्वपीठिकेवरून अधिक चांगला करता येईल.

१. अंतराची गणना

चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढण्याची कल्पना किती जुनी आहे, याचा एक स्पष्ट पुरावा रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याच्या ग्रंथात मिळतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रचलेल्या त्याच्या दहा भागांच्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाच्या शेवटच्या भागात रथाला जोडावयाच्या अंतरमापकाचे वर्णन आहे. रथाच्या चाकाचा परीघ साडेबारा फूट. चाकाच्या एका फेरीस ४०० दात्यांचे चक्र एक दाता पुढे सरके. म्हणजे चाकाच्या ४०० फेऱ्या होताच ते चक्र एक वळसा पूर्ण करी. साडेबारास ४०० ने गुणले असता ५,००० रोमन फूट, म्हणजे बरोबर एक रोमन मैल होतो. प्रत्येक मैलास एक खडा धातूच्या पात्रात पडे, आणि मुक्कामी पोचल्यावर खडे मोजून दिवसाची मजल कळे.

चीनमध्येही याच तत्त्वावरील रथ होते. त्यांत प्रत्येक ‘ली’ या अंतरास एक लाकडी आकृती ढोलावर टोला देई. सुंग राजवटीच्या इतिहासात अशा रथाच्या दातेरी चक्रांची तपशीलवार मापे आलेली असून, लू दाओलुंग याने इ. स. १०२७ मध्ये दरबारास सादर केलेल्या रचनेचा त्यात उल्लेख आहे.

या दोन्ही उपकरणांत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ती अखंड गती तुकड्यातुकड्यांनी मोजतात : एक दाता, एक खडा, एक टोला. दुसरी अशी की, ती प्रत्यक्ष रस्ता मोजीत नाहीत. ती चाक मोजतात, आणि चाकाचा परीघ ठाऊक आहे व चाक न घसरता रस्त्यावरून लोळत गेले आहे, हे गृहीत धरतात. हे गृहीत आजच्या संवेदकापर्यंत अबाधित चालत आले आहे. मात्र या प्राचीन यंत्रांतून वेग काढता येत नव्हता. कारण वेगासाठी अंतराच्या जोडीला अल्पकाळ अचूक दाखविणारे घड्याळ लागते, आणि रथात बसविता येईल असे घड्याळ त्या काळी नव्हते.

२. वेगाचे बल

घड्याळावाचून वेग जाणण्याचा दुसरा मार्ग औद्योगिक क्रांतीच्या काळात सापडला. एखादी वस्तू वर्तुळात फिरू लागली की ती बाहेर पडू पाहते, आणि हा रेटा फिरण्याच्या वेगाबरोबर वाढतो. पवनचक्क्यांत वापरल्या जाणाऱ्या या तत्त्वाचा उपयोग जेम्स वॉट याने १७८८ साली वाफेच्या एंजिनाच्या नियामकात केला. दोन लोखंडी गोळे फिरता फिरता वर उचलले जात व वाफेची झडप आवळली जाई. एंजिन मंदावले की गोळे खाली येत व झडप पुन्हा उघडे. येथे कोणी काही मोजीत नाही. वेगाचे रूपांतर सरळ बलात होते आणि ते बलच पुढील काम करते. ब्रायन डॉन्किन या इंग्रज अभियंत्याने १८१० मध्ये केलेल्या वेगदर्शकात पाऱ्याचे भांडे फिरविले जाई. त्याच्या मध्यभागी पारा जितका खाली दबे, त्या मानाने जोडलेल्या नळीतील रंगीत द्रव खाली उतरे व यंत्राचा वेग दाखवी.

या पद्धतीत एक अडचण अंगभूत होती. वर्तुळगतीतील हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. त्यामुळे तबकडीवरील आकडे मंद वेगाच्या बाजूस दाटीने व जलद वेगाच्या बाजूस विरळ पडत. कारखान्यातील एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्रास हे चालण्यासारखे होते. रस्त्यावर क्षणोक्षणी वेग बदलणाऱ्या गाडीस ते गैरसोयीचे होते. वेगाच्या सरळ प्रमाणात बदलणारे बल हवे होते, आणि ते एका निराळ्याच क्षेत्रात सापडावयाचे होते.

३. अरागोची तबकडी

फ्रांस्वा अरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८२४ सालच्या निरीक्षणात असे दिसून आले की, तांब्याच्या पत्र्यावर टांगलेली चुंबकसूची हेलकावे घेऊ लागली तर तिचे हेलकावे लवकर शांत होतात. तांबे लोहचुंबकास ओढत नाही. तरी ते गतिमान चुंबकास रोधते. पुढे त्याने तांब्याची तबकडी फिरवून दाखविली, तेव्हा वर टांगलेली सूची तबकडीच्या मागोमाग फिरू लागली. लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज आणि जॉन हर्शेल यांनी १८२५ साली हा प्रयोग उलटा केला. नालाकृती चुंबक खाली फिरविला आणि वर तांब्याची तबकडी टांगली. तबकडी चुंबकामागे ओढली जाऊ लागली. तबकडीस त्रिज्येच्या दिशेने चिरा पाडल्या तर हा परिणाम कमी होतो, आणि त्या चिरा धातूने सांधल्या तर तो बऱ्याच अंशी परत येतो, हेही त्यांनी नोंदविले. याचे कारण मात्र मायकेल फॅराडे याच्या १८३१ सालच्या शोधानंतरच उलगडले. बदलत्या चुंबकक्षेत्रात धातूमध्ये विद्युत् प्रवाह प्रवर्तित होतात. हे भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह स्वतःचे चुंबकक्षेत्र उत्पन्न करतात आणि तबकडीस चुंबकाच्या गतीबरोबर खेचतात. चिरांनी या प्रवाहांची वाट तुटते.

येथे इतिहासातील एक लक्षणीय योगायोग नोंदविला पाहिजे. बॅबेज-हर्शेल यांची ही मांडणी, म्हणजे फिरणारा चुंबक आणि त्यामागे ओढली जाणारी बिनलोखंडी तबकडी, ही पुढील शतकातील मोटारगाडीच्या वेगमापकाचीच मांडणी होय. याच बॅबेजने १८३९ च्या सुमारास ब्रुनेलच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर एक प्रयोगशाळाच डब्यात उभी केली होती. लांबच लांब कागदावर लेखण्या चालत. एक लेखणी गाडीची ओढ नोंदवी, काही लेखण्या डब्याचे हेलकावे नोंदवीत, आणि एका कालमापकाच्या योगाने कागदावर अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या खुणा उमटत. रेल्वेचा वेग कळावा म्हणून बॅबेजने वापरलेली पद्धत गणनेची होती. स्वतःच अभ्यासिलेल्या फिरत्या चुंबकाची नव्हती. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने असा अभिप्राय दिला आहे की, प्रत्येक गाडीत अशी स्वयंलेखी यंत्रे बसविली, तर अपघातानंतर त्यापूर्वीच्या क्षणांविषयी कोणाच्याही वशिल्यास न बधणारी साक्ष मिळेल. वेगमापन व साक्ष यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे जोडणारे हे एक आरंभीचे विधान असल्याने, पुढील विवेचनात त्याकडे पुन्हा वळावे लागेल.

फिरत्या चुंबकाचा वेगमापकाकडे उपयोग करण्याचे श्रेय सामान्यतः ऑटो शुल्त्से यास दिले जाते. तत्कालीन जर्मन साम्राज्यातील स्ट्रासबुर्ग येथील या अभियंत्याने १९०२ साली बर्लिनच्या पेटंट कार्यालयात आपली रचना नोंदविली. तत्पूर्वी, १८८८ मध्ये, इस्त्रियातील योसिप बेलुशिच याने ऑस्ट्रिया-हंगेरीत विद्युत् वेगमापकाचे पेटंट घेतले होते व १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तो मांडलाही होता. परंतु मोटारगाड्यांत रूढ झाली ती चुंबकीय रचना. तिचे स्वरूप साधे आहे. गिअरबॉक्सच्या बाहेर निघणाऱ्या दांड्यावरून किंवा पुढील चाकावरून एक लवचीक केबल निघते व ती वेगमापकातील लहान चुंबक फिरविते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. वाटीला काटा व केसासारखी बारीक स्प्रिंग जोडलेली असते. चुंबक फिरू लागला की वाटी त्यामागे ओढली जाते, स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि दोहोंचा समतोल होईल तेथे काटा स्थिर होतो. ही ओढ वेगाच्या सरळ प्रमाणात असल्याने तबकडीवरील आकडे समान अंतरावर येतात. वाटी तापली तर धातूचा विद्युत् रोध दर १० अंश सेल्सिअसला सुमारे ४ टक्के वाढतो व काटा कमी वेग दाखवू लागतो. म्हणून उष्णतेबरोबर चुंबकत्व बदलणाऱ्या मिश्रधातूची एक कडी चुंबकाजवळ बसवून ही तूट भरून काढीत.

याच तबकडीत, काट्याच्या खाली, किलोमीटरांचे फिरते आकडे असत. तेही त्याच केबलवर चालत, पण त्यांना चुंबक लागत नसे. दातेरी चक्रांच्या साखळीने ते केबलच्या फेऱ्या मोजीत. म्हणजे एकाच पेटीत वरच्या बाजूस अरागो आणि खालच्या बाजूस व्हिट्रुव्हियस असे शेजारी नांदत होते. गणनेची पद्धत लुप्त झालेली नव्हती. तिच्याकडे फक्त अंतराचे काम उरले होते.

४. रस्ता, कायदा आणि साक्षीदार

शुल्त्सेची रचना पुढे आली तो काळ रस्त्यावरील वेगाविषयी मोठ्या वादाचा होता. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने स्वयंचलित वाहनांस वस्तीबाहेर ताशी ४ व वस्तीत ताशी २ मैलांची मर्यादा घातलेली होती. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अरनॉल्ड यास ताशी २ मैलांच्या जागी ८ मैलांच्या वेगाने गाडी हाकल्याबद्दल दंड झाला. त्यास सायकलवरून पाठलाग करून एका शिपायाने पकडले होते. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने ही मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत, आणि १९०३ च्या कायद्याने ती २० मैलांपर्यंत वाढविली.

मर्यादा वाढली तरी पुराव्याचा प्रश्न सुटला नाही. तो अधिक तीव्र झाला. ताशी २ मैल व ८ मैल यांतील भेद कोणासही दिसतो. ताशी १८ मैल व २२ मैल यांतील भेद डोळ्यांस निश्चित सांगता येत नाही. पोलीस मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांस उभे राहत आणि घड्याळावरून वेळ काढीत. चालकापाशी याविरुद्ध सांगण्यास स्वतःच्या शब्दाखेरीज काही नसे. १९०५ साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाईल असोसिएशन या संस्थेचे आरंभीचे कामच असे होते की, सायकलस्वार नेमून अशा पाळतीच्या जागांविषयी मोटारवाल्यांस सावध करावे.

वेगमापकाचा प्रसार झाला तो या वातावरणात. गाडी चालण्यास त्याची मुळीच गरज नव्हती. तो मोडला तरी एंजिन पूर्ववत् चाले. त्याची गरज होती ती चालकाला कायद्यासमोर आपली बाजू जाणता यावी म्हणून. पुढे संबंध उलटला आणि कायद्यानेच त्याची सक्ती केली. ब्रिटनमध्ये १९३७ पासून नव्या मोटारींस वेगमापक आवश्यक झाला. आपल्याकडील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही ११७ वा नियम वेगमापकासंबंधीच आहे. चालकाला वेग ठाऊक नव्हता, ही सबब यामुळे संपली. तथापि काट्याची ही साक्ष क्षणिक होती. काटा दाखवी, पण लिहून ठेवीत नसे. अपघातानंतर तो शून्यावर परत येई आणि बॅबेजला हवी असलेली नोंद कोठेच उरत नसे.

५. हॉलचे सुवर्णपत्र आणि संवेदकाची रीत

आता ज्या शोधावर आजचे बहुसंख्य संवेदक आधारलेले आहेत त्याकडे वळावयाचे. तो शोध मोटारगाडीहूनही आधीचा आहे. मॅक्सवेलच्या विद्युत्-चुंबकत्वावरील ग्रंथात असे विधान होते की, चुंबकाचे बल तारेवर पडते, तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर पडत नाही. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एडविन हॉल या विद्यार्थ्यास हे पटले नाही. हेन्री रोलंड या आपल्या अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली त्याने १८७९ साली काचेवर चिकटविलेल्या सोन्याच्या अतिपातळ पत्र्यातून प्रवाह सोडला व तो पत्रा प्रबळ चुंबकक्षेत्रात ठेवला. प्रवाहाच्या आडव्या दिशेने, पत्र्याच्या दोन कडांमध्ये, एक सूक्ष्म विद्युत् दाब निर्माण झाला. प्रवाहातील विद्युत् भार चुंबकामुळे एका बाजूस लोटले जातात, असा त्याचा अर्थ होता. यालाच हॉल परिणाम म्हणतात.

धातूंत विद्युत् भारवाहकांची संख्या अतोनात असल्याने हा दाब अत्यल्प असतो, आणि म्हणून जवळजवळ ८० वर्षे हा परिणाम प्रयोगशाळेतच राहिला. अर्धसंवाहकांत भारवाहक थोडे असल्याने दाब मोठा मिळतो. त्याच सिलिकनच्या तुकड्यावर विवर्धक मंडल बसविण्याची विद्या १९६० नंतरच्या दशकात साध्य झाली, तेव्हा हॉलच्या सुवर्णपत्राचे रूपांतर स्वस्त उपकरणात होऊ शकले. १९६८ च्या सुमारास हनीवेल कंपनीने ते टंकलेखनाच्या कळफलकात वापरले. मोटारगाडीत ते त्यानंतर आले.

मोटारगाडीतील वेग-संवेदकाचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला सर्वांत साधा. काचनळीत बंद केलेल्या दोन लोखंडी पट्ट्या चुंबक जवळ येताच चिकटतात व दूर जाताच सुटतात. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत १९३६ साली निघालेला हा स्विच पुढे काही गाड्यांच्या वेगमापकातच, केबलवरील चुंबकाशेजारी, बसविला गेला. केबलची एक फेरी झाली की तो चार वेळा मिटे. म्हणजे काटा अजून अरागोच्या तत्त्वावर फिरत होता, आणि त्याच चुंबकावरून शेजारचा स्विच एंजिनाच्या नियंत्रकासाठी फेऱ्या मोजू लागला होता. संक्रमणाचा क्षण इतका प्रत्यक्ष क्वचितच पाहावयास मिळतो.

दुसरा प्रकार प्रवर्तनाचा. चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते व समोरून लोखंडी दातेरी कडी फिरते. दाता समोर आला की चुंबकक्षेत्र बळावते, खाच आली की मंदावते. त्यामुळे वेटोळ्यात उलटसुलट विद्युत् दाब निर्माण होतो. यास बाहेरून वीज लागत नाही, हा त्याचा गुण. दोष असा की, दाबाचे परिमाणही वेगावर अवलंबून असते. गाडी रांगू लागली की दाब इतका क्षीण होतो की गाडी चालली आहे की थांबली आहे, हे त्यास सांगता येत नाही. तिसरा प्रकार हॉल परिणामाचा. त्यास वीजपुरवठा, परतीची तार व संकेताची तार अशा बहुधा तीन तारा असतात. दाता आहे की खाच आहे एवढेच तो सांगतो. ते सांगताना दाता वेगाने आला की संथ, याने संकेताच्या जोरात फरक पडत नाही. म्हणून अत्यंत मंद वेगातही तो विश्वसनीय राहतो. चुंबकक्षेत्रात धातूचा रोध बदलतो, हे विल्यम टॉमसन यास १८५६ च्या सुमारास आढळले होते. त्या परिणामावर आधारलेले संवेदकही आता चाकांपाशी वापरतात. तत्त्व निराळे असले तरी काम तेच : दात्यागणिक एक स्पंद.

या स्पंदांवरून वेग कसा निघतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जपानी मानकानुसार वेगमापकाची केबल दर किलोमीटरास ६३७ वेळा फिरते. फेरीस चार स्पंद धरले, तर किलोमीटरास २,५४८ स्पंद, म्हणजे सुमारे ३९ सेंटिमीटरांस एक स्पंद होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी मिनिटास एक किलोमीटर जाते. तेव्हा सेकंदास सुमारे ४२ स्पंद येतात, आणि ठरावीक काळातील स्पंद मोजणे पुरेसे होते. परंतु ताशी ३ किलोमीटर वेगाने सेकंदास जेमतेम दोन स्पंद येतात. तेथे मोजण्यासारखे काही उरत नाही. म्हणून नियंत्रक रीत बदलतो व लागोपाठच्या दोन स्पंदांतील काळ मोजतो. त्यासाठी स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे घड्याळ त्याच्यापाशी असते. व्हिट्रुव्हियसच्या रथात उणे होते ते हे घड्याळ. खड्याच्या जागी स्पंद आला आणि घड्याळाची जोड मिळाली. मूळ रीत तीच राहिली.

या रीतीचा एक तार्किक परिणाम दुर्लक्षिला जातो. अरागोच्या तत्त्वावरील काटा, त्याच्या जडत्वाचा अंश सोडला, तर त्या त्या क्षणाच्या वेगाने खेचला जाई. गणना करणाऱ्या यंत्रास ‘हा क्षण’ ठाऊकच नसतो. दोन दात्यांच्या मधला काळ सरल्याशिवाय त्यास काहीच सांगता येत नाही. तो सांगतो तो नुकत्याच सरलेल्या अवधीचा सरासरी वेग. दाते जितके अधिक, तितका हा अवधी लहान. ४८ दात्यांची कडी आणि १.९२ मीटर परिघाचे चाक घेतले, तर दर ४ सेंटिमीटरांस एक स्पंद मिळतो, आणि ताशी ३६ किलोमीटर वेगास दोन स्पंदांतील काळ सेकंदाचा २५० वा भाग इतकाच उरतो. व्यवहारात ही सरासरी क्षणिक वेगाइतकीच उपयोगी पडते. तरी तिचे स्वरूप अनुमानाचेच राहते.

६. चार साक्षीदार

वेगमापक केवळ डोळ्यांसाठी होता तोवर त्याच्या चुकीचे परिणाम मर्यादित होते. वेगाचा उपयोग यंत्राला आज्ञा देण्यासाठी होऊ लागला, तेव्हा स्थिती पालटली. बालपणी दृष्टी गमावलेला अमेरिकन अभियंता राल्फ टीटर याने गाडीचा वेग आपोआप स्थिर राखणाऱ्या उपकरणाचे पेटंट १९५० साली मिळविले, आणि १९५८ मध्ये ते क्रायस्लर गाड्यांत आले. चालकाऐवजी यंत्रच वेग जाणून एंजिनास आवरू लागले. वॉटचा नियामक अशा रीतीने रस्त्यावर उतरला.

याहून महत्त्वाचा टप्पा म्हणजे चाके जखडू न देणारी गतिरोधक योजना. बॉश व डायम्लर-बेंझ यांनी १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिली. चाकांपाशी दातेरी कड्या व संवेदक बसविलेले होते. या योजनेच्या मुळाशी जी अडचण आहे ती आपल्या विषयाच्या दृष्टीने मर्माची आहे. जोराने ब्रेक दाबला आणि चाक जखडले, तर त्या चाकाचा संवेदक शून्य सांगतो. गाडी मात्र घसरत पुढे जात असते. निसरड्यावर चाक जागीच गरगरले, तर संवेदक मोठा वेग सांगतो. गाडी मात्र हलत नाही. म्हणजे ज्या क्षणी वेग जाणण्याची सर्वांत अधिक निकड असते, नेमक्या त्याच क्षणी ‘चाक घसरत नाही’ हे प्राचीन गृहीत कोसळते.

अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा न्यायाधीशाच्या रीतीशी जुळणारा आहे. एकाच साक्षीवर विसंबावयाचे नाही. चार चाकांच्या चार साक्षी ताडून पाहावयाच्या. एखादे चाक कोणत्याही गाडीस शक्य नाही इतक्या त्वरेने मंदावले, तर त्याची साक्ष बाजूस ठेवावयाची. आणि उरलेल्यांवरून गाडीचा संदर्भ-वेग ठरवावयाचा. जखडू पाहणाऱ्या चाकावरील दाब क्षणभर सोडला जातो, चाक पुन्हा लोळू लागते, आणि त्याची साक्ष पुन्हा ग्राह्य होते. १९८६ साली बॉशने गाडीतील नियंत्रकांसाठी एक सामाईक संदेशवाहिनी मांडली. अशा वाहिन्या रूढ झाल्यावर एकाच्या जवळचे वेगाचे अनुमान एंजिन, गिअरबॉक्स व तबकडी या सर्वांस उपलब्ध झाले. त्यामुळे एक संवेदक बिघडला तर आता नुसता काटा पडत नाही. गिअर अवेळी बदलतात, गतिरोधक योजना स्वतःस बंद करून घेते, आणि किलोमीटरांची नोंदही थांबू शकते. कारण वेग व अंतर दोन्ही आता त्याच स्पंदांवरून निघतात.

७. दर्शित वेग

चाकाचा परीघ हे या सर्व गणिताचे दुसरे गृहीत होय, आणि तेही स्थिर नाही. नव्या टायरच्या नक्षीची खोली सुमारे ८ मिलिमीटर असते; अनेक देशांच्या कायद्यांनी किमान खोली १.६ मिलिमीटर ठरविली आहे. या मर्यादेपर्यंत झिजलेल्या टायरची त्रिज्या ६.४ मिलिमीटरांनी कमी झालेली असते. त्रिज्या ३०० मिलिमीटर धरली, तर हा फरक २ टक्क्यांहून थोडा अधिक होतो. झिजलेले चाक तेवढेच अंतर जाण्यास अधिक फेऱ्या घेते. म्हणून तबकडी खऱ्याहून अधिक वेग दाखविते. संवेदक कितीही अचूक असला तरी ही त्रुटी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. तो दाते बरोबर मोजतो. दात्याची किंमत बदललेली असते.

कायद्याने ही अनिश्चितता मान्य करून तिला एक दिशा दिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ व्या नियमानुसार वेगमापकाने खऱ्याहून कमी वेग कधीही दाखवू नये. अधिक दाखविल्यास तो फरक खऱ्या वेगाचा दहावा भाग व त्यावर ताशी ४ किलोमीटर, याहून अधिक नसावा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत तबकडी ११४ पर्यंत दाखवू शकते, पण ९९ दाखवू शकत नाही. सावधपणाच्या बाजूस झुकलेली ही साक्ष आहे. चालकास आवरण्यासाठी ती योग्य होय. परंतु तोच आकडा चालकाविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आला, तर ही झुकती बाजू विचारात घेतली पाहिजे.

अलीकडील नियमांमुळे हा प्रश्न निकट आला आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगसूचना सक्तीची झाली; ताशी ८० किलोमीटरांनंतर थांबून थांबून व १२० नंतर सतत सूचना वाजते. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या नमुन्यांच्या व जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींत अपघातपूर्व नोंद ठेवणारे यंत्र आवश्यक केले. अमेरिकेने २००६ साली केलेल्या नियमात अशा यंत्राने आघातापूर्वीच्या पाच सेकंदांचा वेग नोंदवावा, असे ठरविले होते. बॅबेजने इच्छिलेला साक्षीदार अशा प्रकारे दीड शतकानंतर गाडीत येऊन बसला. याच वेळी रस्त्याच्या कडेचा जुना साक्षीदारही परतला आहे. दोन कमानींवरील कॅमेरे गाडीची वेळ टिपतात व मधले अंतर भागून सरासरी वेग काढतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील स्वयंचलित देखरेखीतही अशी सोय आहे. १९०५ च्या शिपायांचीच ही रीत होय. तिच्यात टायरचा व दात्यांचा काहीही संबंध येत नाही. म्हणून संवेदकाच्या साक्षीची फेरतपासणी करण्यास ती स्वतंत्र आधार ठरू शकते.

उपरिनिर्दिष्ट अमेरिकन नियमातील एक शब्दयोजना येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. यंत्राने नोंदवावयाच्या परिमाणास तो नियम नुसता ‘वेग’ म्हणत नाही; ‘दर्शित वेग’, म्हणजे गाडीच्या एखाद्या यंत्रणेने दाखविलेला वेग, म्हणतो. प्रस्तुत निबंधातील विवेचनाचा निष्कर्ष या एका विशेषणात आलेला आहे. व्हिट्रुव्हियसच्या खड्यापासून हॉल संवेदकाच्या स्पंदापर्यंत जे मोजले गेले ते चाकाचे फिरणे होय. गाडीचा वेग हा त्यावरून काढावयाचा निर्णय असून, तो चाक न घसरल्यास व परीघ ठाऊक असल्यासच खरा ठरतो. अपघाताच्या चौकशीत पाच सेकंदांची नोंद समोर येईल, तेव्हा तपासणाऱ्याने आकड्यापूर्वी या दोन अटी तपासाव्यात : चाके त्या वेळी लोळत होती की घसरत होती, आणि गाडीस कोणत्या मापाचे व किती झिजलेले टायर होते. या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदीबरोबर ठेवली गेली, तरच यंत्राची साक्ष बॅबेजला अभिप्रेत होती तितकी निर्भर होईल.